रुसला म्हणजे कुठी जाते?

उकंडाजी बाबांकडे कोणी जामीन मागायला आलं की गुन्हा काय, कलम कोणतं, मारलं की चोरलं, यातलं ते काहीच विचारीत नसत. आलेल्या माणसाला आधी बसवीत आणि त्याचा पाय आपल्या मांडीवर घेत. अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची बाग होती. बागेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्यामुळे येणाऱ्याच्या पायात काटा असायचाच. नसला तर जुना, आत मुरलेला, ज्याचा त्याला विसर पडला असा एखादा सापडायचा. करदोट्याला बांधलेला पितळी चिमटा काढून ते काटा शोधू लागत आणि मान खाली ठेवूनच विचारीत,

"रुसला म्हणजे कुठी जाते?"

पहिल्यांदा ऐकणारा गोंधळून जाई. घरचा माणूस हवालातीत, बायको रडून अर्धी झालेली, आणि हा म्हातारा रुसण्याचं काय विचारतो? कोणी म्हणे, "बाबाजी, तो काही लहान हाये काय?" त्यावर बाबा म्हणत, "लहान असता तर मायच्या पदराखाली सापडला असता. मोठा झाला म्हनून तर इचारून राहिलो."

त्यांचा हिशेब साधा होता. जामीन राहायचं म्हणजे कोर्टाला लिहून द्यायचं, की या माणसाला मी प्रत्येक तारखेला हजर करीन. नाही केला तर लिहिली तेवढी रक्कम मी भरीन, नाही भरली तर माझ्या बागेवर जप्ती आणा. म्हणजे जामीनदाराला फक्त एवढंच ठाऊक पाहिजे, की हा माणूस नाहीसा झाला तर सापडेल कुठे. पळून जाणारा माणूस नवी जागा शोधत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लहानपणी जेवणावरून उठून जिथे जाऊन बसला, तिथेच तो चाळिशीतही जातो.

बाबांना जाऊन आता दुसरा पावसाळा आला. अमरावतीहून घरी वलगावला यायच्या वाटेवर त्यांची बाग लागते, आणि तिथून जाताना माझी सायकल आपोआप हळू होते. त्यांच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी लिहिलेलं नाही.

उकंडा हे नाव वऱ्हाडात नवलाचं नाही. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला जन्मताच उकिरड्यावर लोळवून आणतात आणि तेच नाव ठेवतात, म्हणजे यमाला ते टाकाऊ वाटावं. बाबा सांगत, "यम आलता माह्याकडे. पाह्यलं आन् म्हणे, राहू द्या लेकाले, कचरा हाये." अंगाने उंच, पण वाफ्यात वाकून वाकून कमरेशी कायमचे झुकलेले. बोलणं असं, की पुण्याकडून आलेल्या एका मास्तरांना ते भांडतच आहेत असं वाटलं होतं. त्या दिवशी ते मास्तरांना झेंडूची फुलं फुकट घेऊन जा म्हणत होते.

बागेत झेंडू, शेवंती, गुलछडी, आणि मागच्या अंगाला जांबाची झाडं, ज्याला पुण्याकडे पेरू म्हणतात. अमरावतीच्या कोर्टात बाबांना शिपायापासून सगळे ओळखत. कोर्टाच्या आवारात शिरताना ते चपला काढून बगलेत मारीत. एकदा दाराशी ठेवलेल्या चपला चोरीला गेल्या होत्या. तेव्हापासून साहेबासमोर उभे राहतानाही त्या बगलेतच असत. नव्याने आलेल्या एका मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे काय?" बाबा म्हणाले, "साहेब, अठी चोर लय येतात." साहेबांनी खाली मान घालून बराच वेळ कागद वाचला म्हणे.

बाबांना अक्षरओळख बेताची होती. जामीनकतब्याचा, म्हणजे हमीचा, कागद कारकून लिहून देई, पण खालची शेवटची ओळ स्वतःच्या हाताने लिहायची असा त्यांचा हट्ट. एकेक अक्षर नांगरटीसारखं ओढत ते लिहीत, 'मी उकंडा जमीन राहतो.' जामीनमधला काना दर वेळी सुटायचा. कारकून हसायचा, "बाबाजी, जामीन. जमीन नाही." बाबा बोटाला लागलेली शाई डोक्याला पुसत म्हणायचे, "तुमी द्या तो काना. मी जे राहतो ते लिहलं."

त्यांचा प्रश्न किती कामाचा होता हे बडनेऱ्याच्या एका गाडीवानाच्या वेळी दिसलं. बायकोने सांगितलं होतं, "रुसला म्हणजे अकोल्याले जाते, बहिणीकडे." दुसऱ्याच तारखेला गाडीवान बेपत्ता. वकील घाबरले. बाबांनी मात्र साहेबांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि फुलांची एक करंडी घेऊन अकोल्याच्या गाडीत बसले. बहिणीच्या दारी गेले तेव्हा गाडीवान आतल्या खोलीत लपला. बाबांनी त्याचं नावही काढलं नाही. बहिणीच्या हातचं पिठलं-भाकर खाल्लं, तिच्या सासूच्या टाचेतला काटा काढला, पाऊसपाण्याचं बोलले. उठताना नुसतं मोठ्याने म्हणाले, "बाई, गाडीले वेळ हाये. तवरक तुह्या भावाले जेवू घाल. उपाशी मानूस माह्याच्यानं ओढल्या जात नाही." गाडीवान जेवला आणि मुकाट्याने बरोबर निघाला. स्टेशनापर्यंत करंडी त्यानेच डोक्यावर घेतली.

पण एकदा ते फसलेही. एका माणसाच्या घरच्यांनी प्रश्न ऐकला आणि लगेच सांगितलं, "नाई बाबाजी, तो रुसतच नाई. देवमानूस हाये." बाबांनी सही केली. देवमाणूस पहिल्याच तारखेला जो गेला तो गेलाच. बाबांना दावणीची बैलजोडी विकून रक्कम भरावी लागली. ते त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत, पण तेव्हापासून एक नियम झाला. 'रुसत नाही' असं ज्याच्या घरचे म्हणतील त्याला जामीन राहायचं नाही. "न रुसनारा मानूस नसते," ते म्हणत. "घरच्याईले ठाव नाई, नाईतर ते लपवून राहिले. दोन्हीत आपलं मरन."

हा नियम कोर्टात सगळ्यांना माहीत होता. आम्हाला माहीत नव्हता.

माझा थोरला भाऊ नामादादा वलगावला आमचा मळा करतो. वडील गेले तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. मळा त्याने धरला आणि शाळेत मला घातलं. त्या वर्षी अमरावतीच्या भाजीबाजारात ठेकेदाराच्या माणसाने बाजारपट्टी मागताना दादाच्या वांग्यांच्या टोपलीला लाथ मारली. वांगी बैलगाडीच्या चाकाखाली गेली. दादाच्या हातात तराजूची दांडी होती. त्या माणसाचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी दादाला नेलं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. इंग्रजी कविता पाठ होत्या, पण भावाला धरून नेल्यावर कुठल्या दारात उभं राहायचं, हे मला कळेना. शेवटी माय आणि मी एका वकीलसाहेबांकडे गेलो. मायने पाटल्या काढून फडक्यात बांधून आणल्या होत्या. तिने ते फडकं टेबलावर ठेवलं.

वकीलसाहेब म्हणाले, "हे उचला बाई. जामिनासाठी पैसे भरायचे नसतात. माणूस आणायचा असतो."

"कोन्ता मानूस?"

"याच तालुक्यात ज्याची जमीन किंवा घर आहे असा. तुमचा मुलगा तारखांना हजर राहील याची हमी तो लिहून देईल. मुलगा हजर राहिला तर कोणाला काही द्यायचं नाही. नाही राहिला तर त्या माणसाचं जाईल."

"आमचं वावर हाये ना."

"ते मुलाच्याच नावावर आहे. त्याची हमी त्यालाच कशी देता येईल?"

मायने फडकं उचलून कमरेला खोचलं. म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याच्या लेकासाठी आपलं वावर लावाचं. असा कोन असते, साहेब?"

आम्ही विचारून पाहिलं. गावातला सगळा भाजीपाला त्याच बाजारात जायचा, ठेकेदाराशी वाकडं कोण घेणार? लोक डोळ्याला डोळा देईनात. मामा हिवरखेडहून धावत आला, पण तो पडला अकोला जिल्ह्यातला. त्याची मालमत्ता इथल्या कोर्टाला पटवायची म्हणजे कागद येईपर्यंत दादा आतच. इकडे मळ्याला पाणी देणारा कोणी नव्हता, आणि दादा हवालातीत जेवत नाही असं शिपायाने सांगितलं होतं. वकीलसाहेबच शेवटी म्हणाले, "वलगाव रस्त्यावरच्या बागवाल्याकडे जा. पण तो काय विचारील ते नीट ऐकून उत्तर द्या."

बाबांनी मायला जांबाच्या सावलीत बसवलं आणि तिचा पाय ओढून घेतला. माय संकोचून गेली. म्हणाली, "बाबाजी, तुमी मोठे, पाय कावून धरता?"

"तुहा पाय नाई धरला, काटा धरला. हालू नको." चिमटा फिरू लागला. "पोरगा रुसला म्हणजे कुठी जाते?"

मायने डोळे पुसले आणि अगदी सरळपणे सांगितलं, "तो रुसत नाई, बाबाजी."

चिमटा थांबला. बाबांनी तिचा पाय हळूच खाली ठेवला. काटा अजून निघाला नव्हता. ते उठायला लागले तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलं, पण काय ते कळेना. माय जमिनीकडे पाहत पुढे बोलत होती, त्यांच्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी.

"रुसाले समजावनारं कोनी लागते ना. बाप गेला तवा हा एवढासा. तवापासून भाकर करपली तरी खाते, नसली तरी पानी पिऊन वावरात जाते. कोनावर रुसंल? मी तर पाह्यलंच नाई त्याले रुसलेलं."

बाबा परत खाली बसले, पुन्हा तिचा पाय घेतला आणि काटा काढला. तो तळहातावर ठेवून त्यांनी मायला दाखवला, मग लांब फेकून दिला.

"बाबू, माह्या चपला आन," ते मला म्हणाले. "कोर्ट उठाच्या आंधी पोचलं पाहिजे."

कारकुनाने कागद पुढे केला. बाबांनी ओळ लिहिली. "बाबाजी, आजही काना राहिला," कारकून म्हणाला. "द्या मंग," बाबा म्हणाले, "तुमच्याजवळ शाई हाये."

दादा बाहेर आला तो मान खाली घालून. मायने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. वलगावच्या रस्त्याने आम्ही चौघे चालत निघालो. बागेशी आल्यावर बाबा थांबले.

"नामा, तुही माय म्हणते तुले रुसता येत नाई."

दादाने रस्त्यावरचा एक खडा पायाने बाजूला सारला.

"शिकून घे. आन् रुसला म्हणजे अठी येजो, माह्या बागेत. दुसरीकडे जाशीन तर मले सापडाचा नाई. मी म्हातारा मानूस, कुठी हुडकू?"

दादा प्रथमच थोडासा हसला. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याने गंमत केली.

तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला दादा सकाळी बागेत जाई आणि तिथून दोघे चालत कोर्टात जात. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून कांदा-भाकर खात, पुकारा झाला की आत जात, पुढची तारीख घेऊन परत येत. वाटेत फार बोलत नसत म्हणे. मी एकदा बाबांना विचारलं, तुम्ही हे कशासाठी करता? लोक पुण्य म्हणतात. बाबा म्हणाले, "पुन्य कायचं, बाबू? या रस्त्यानं एकटं चालून पाह्य. लय कटाळवानी वाट हाये. तारखेच्या दिवशी कोनी तरी बराबर असते."

निकालाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला. भर बाजारात त्या माणसाच्या पाया पड, आम्ही फिर्याद मिटवून टाकतो. मायला सुटल्यासारखं झालं. ती म्हणाली, पड बापा पाया, काय जाते आपलं? मीही तेच म्हणालो. मामाही तेच म्हणाला. दादाने एकेकाकडे पाहिलं. ताटातली अर्धी भाकर तशीच ठेवून उठला, हात धुतले आणि दाराबाहेर गेला. वाटलं, मळ्यात गेला असेल. दिवस मावळला तरी तो आला नाही. मळ्यात नव्हता, विहिरीवर नव्हता, पारावर नव्हता.

मायच्या आणि माझ्या मनात एकच होतं, बाबांची बाग. उद्या पुकारा होईल, दादा नसेल, आणि ज्याने आमच्यासाठी आपला नियम मोडला त्याच्या फुलांच्या वाफ्यांत जप्तीचे शिपाई उभे राहतील. माय रात्रभर एकच म्हणत राहिली, "म्या सांगतलं होतं ना त्याईले, तो रुसत नाई म्हनून."

उजाडताच आम्ही बाबांना सांगायला निघालो. बागेत शिरलो तर पडवीत दादा बसला होता. पुढ्यात शेवंतीचा ढीग, हातात सुई-दोरा, आणि माळ गुडघ्यावरून खाली लोंबत होती. बाबा बाजूला दात घाशीत उभे होते.

"तुमी कावून आले?" बाबांनी आम्हालाच दरडावलं. "तारीख कोर्टात हाये. अठी काय हाये?"

मायने नुसता दादाकडे हात केला.

"काल दिवस असताच आला," बाबा म्हणाले. "मी काई इचारलं नाई, त्यानं काई सांगतलं नाई. म्हणलं, रिकामा बसू नको, माळा कर." मग चूळ भरून त्यांनी मायकडे पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच करडा होता, पण आवाज उतरला होता. "बाई, तुह्या पोराले रुसता आलं पाह्य."

माय दादाजवळ जाऊन बसली. पाया पड, असं ती पुन्हा म्हणाली नाही. ढिगातली फुलं उचलून ती त्याच्या हातात एकेक देऊ लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "भाकर आनली हाये. कालचीच राहिली होती तुही अर्धी."

"दे," दादा म्हणाला.

त्या दिवशी दादा पाया पडला नाही. साहेबांसमोर त्याने जे घडलं ते सांगितलं. दंड झाला, तो भरला, आणि बाबांचा कतबा मोकळा झाला. दादाची आणि त्यांची सोबत मात्र मोकळी झाली नाही. आता तारीख नसली तरी दादा बाजाराच्या दिवशी बागेत डोकावे. काही बोलावंसं वाटलं नाही तर तसाच बसून येई. त्याला घरी उशीर झाला की माय म्हणायची, "रुसला असन कशावर तरी," आणि हे म्हणताना तिच्या तोंडावर समाधान दिसायचं.

यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बाबा थकत गेले. बाग मुलाच्या हाती गेली. मुलगा कामाचा होता. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे मळे पाहून आला आणि त्याने ठरवलं की जांबाची झाडं काढून संत्री लावायची. त्याचंही चुकलं नसावं. बाबा हो-नाही काही बोलले नाहीत. पहिल्या झाडावर कुऱ्हाड पडली तेव्हा ते चपला घालून बाहेर गेले.

त्या दिवशी मी सुटीसाठी घरी होतो. दुपार कलताना बाबांचा मुलगा आमच्या मळ्यात आला, घामाने भिजलेला. सकाळपासून शोधत होता. कोर्टात पाहिलं, स्टेशनावर पाहिलं, देवळात पाहिलं. "साऱ्या अमरावतीच्या लोकायची रुसाची जागा बापाले ठाव," तो म्हणाला, "आन् बापाची कोनालेच ठाव नाई."

दादाने नुसतं विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे पाटाच्या पाण्यात एक पाय सोडून बाबा मुळा खात बसले होते. दुसऱ्या पायाच्या टाचेला ओल्या फडक्याची पट्टी होती. काटा दादाने काढला होता, बाबांच्याच चिमट्याने. दादाने त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मुलगा पुढे झाला. "बाबा, चाला घरी."

बाबांनी मुळ्याचा आणखी एक तुकडा मोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हाची चकाकी होती, मला सांगता येणार नाही.

दादा मध्ये आला. म्हणाला, "आज राहू दे, भाऊ. आजच्या दिवस रुसू दे त्याईले. उद्या सकाळी मी आनतो. मी जामीन."

मुलाने डोक्याचं फडकं सोडून घाम पुसला. तेवढ्यात बाबांनी मान वर न करताच म्हटलं,

"नामा, काना देजो बराबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जाताना पाहिलं, ते शेवटचं. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजला गेलो, नंतर परीक्षा आली, आणि त्यातच एके दिवशी बाबा गेल्याचा दादाचा निरोप आला. त्या शेवटच्या सकाळी दोघे वलगावच्या वेशीतून बाहेर पडले. ऊन समोरून येत होतं आणि दोन सावल्या त्यांच्या मागे मागे चालल्या होत्या, एक सरळ आणि एक कमरेत वाकलेली. फार काही बोलत असावेत असं वाटलं नाही. वळणाशी पोचल्यावर बाबा थांबले, वाकून चपला काढल्या आणि कोर्टात शिरताना मारीत तशा बगलेत मारल्या. जायचं होतं ते त्यांच्या स्वतःच्याच घरी. दादानेही काही न विचारता आपल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि दोघे पुढे चालू लागले.